हातानं सर्व्हर बसवणारे काका

काकांचा देवावर फारसा विश्वास नव्हता आणि अपडेटवर तर मुळीच नव्हता. स्क्रीनच्या कोपऱ्यात नवीन आवृत्ती आल्याची चौकट उघडली की दारात आलेल्या विमा एजंटाकडे पाहावं तसे ते तिच्याकडे पाहायचे आणि "आज नाही बाप्पा" म्हणून ती बंद करायचे. सहा वर्षं मी हे पाहिलं. त्यातली पहिली तीन वर्षं मला याचा भयंकर राग यायचा.

अमरावतीला राजापेठेत एका औषधाच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. लोकांच्या सर्व्हरवर सॉफ्टवेअर बसवून द्यायचं आणि मग ते चालतं ठेवायचं, हा आमचा धंदा. कापसाचं जिनिंग, डाळ मिल, शाळा, रक्त तपासायच्या लॅब, मोर्शीकडचं संत्री निवडून पेट्या भरणारं एक युनिट, असे चाळीस ग्राहक अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत पसरलेले. चाळीसही ठिकाणचे सर्व्हर काकांनी, म्हणजे आमच्या ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या माणसानं, स्वतःच्या हातानं बसवलेले होते. हातानं म्हणजे अक्षरशः हातानं. एकेक आज्ञा टाइप करून, दोन बोटांनी आणि उभ्यानं.

हो, उभ्यानं. काका कामाच्या वेळी बसत नसत. बसलं की माणूस घाई करतो, असं त्यांचं म्हणणं होतं. माझा अनुभव नेमका उलटा आहे, पण त्यांच्याशी वाद घालायचा तर आपणही उभं राहावं लागे, म्हणून मी घालत नसे. खांद्याला कापडी थैली, थैलीत स्क्रूड्रायव्हर, उन्हात डोक्याला बांधायचा दुपट्टा आणि स्वतःचा कीबोर्ड. ग्राहकाच्या कीबोर्डवर कधी ना कधी चहा सांडलेला असतोच, आणि अशा कीबोर्डवर एकदा दाबलेलं दोनदा दाबलं जातं. खोडायच्या बटणाबाबत काकांना हा धोका पत्करायचा नव्हता. एसटीत शेजारी बसलेला माणूस त्या थैलीतून बाहेर आलेल्या कीबोर्डकडे पाहून विचारायचा, हे कोणतं वाद्य आहे. काका त्याला गंभीरपणे सांगायचे की वाजवता आलं तर चांगलं वाजते.

कुठेही गेले की ते आधी सर्व्हरकडे जायचेच नाहीत. आधी ऑपरेटरकडे. सकाळी आल्यावर पहिल्यांदा काय दाबता, लाइट गेली की काय करता, मालक कशावरून ओरडतो, दुपारी जेवायला गेल्यावर मशीनवर कोण बसतं. तासभर हे चालायचं, त्यात दोन चहा व्हायचे, कोणाच्या तरी मेहुण्याच्या बदलीची चौकशी व्हायची. मी नवीन होते. मला वाटायचं, म्हातारा काम टाळतोय.

मग जे काही कळलं ते वहीत. कापडी बांधणीच्या चार लांब वह्या होत्या. प्रत्येक ग्राहकाची पानं वेगळी. काय बसवलं, कोणतं सेटिंग बदललं, आणि शेवटच्या रकान्यात लाल शाईनं, काहून बदललं, म्हणजे का. अक्षर असं की वाचणाऱ्याला त्या लेखणीची दया यावी. मी ती वही एकदाच उघडली होती आणि लगेच मिटली होती.

त्यांचं आणखी एक वेड म्हणजे सरसकट या शब्दाची चीड. सगळ्यांना एकच उपाय सुचवणारा माणूस त्यांच्या मते एकतर आळशी असतो किंवा मंत्री. हे मत त्यांना आमच्या सरांमुळे झालं होतं. सर म्हणजे आमच्या कंपनीचे मालक. एकदा काका तापानं पडले असताना एका जिनिंगला तातडीनं सर्व्हर हवा होता. सरांनी शक्कल लढवली. एका दाताच्या दवाखान्यात बसवलेला सर्व्हर छान चालत होता, त्याची जशीच्या तशी नक्कल नव्या डिस्कवर उतरवली, नाव बदललं आणि दिली पाठवून. अर्ध्या तासात काम झालं. पुढचे चार दिवस कापसाच्या प्रत्येक गाडीच्या गेटपासखाली छापून येत होतं की रात्री झोपण्यापूर्वी दात घासा आणि सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायला या. चालकांपैकी एकानंही तक्रार केली नाही. काकांनी बरे झाल्यावर तो सर्व्हर पुन्हा हातानं बसवला, त्यातला एक गेटपास मागून आणला आणि ऑफिसच्या पाण्याच्या माठावर चिकटवला. सर रोज पाणी प्यायचे आणि रोज तो वाचायचे.

तर अशा या सरांनी एका दुपारी मला आत बोलावलं. ग्राहक वाढताहेत, म्हणाले, आता सर्व्हर बसवायची एक पद्धत ठरवून टाकू. हातानं एकेक करायचं, की तयार डिस्कची नक्कल मारायची, की हल्ली मोठ्या कंपन्या करतात तसं करायचं. तू शिकलेली आहेस, तीन महिन्यांत अहवाल दे. नकलेचं नाव घेताना त्यांचा आवाज जरा खाली गेला.

मी तिसऱ्या पद्धतीच्या बाजूची होते, हे सांगायला नको. सर्व्हर कसा असला पाहिजे हे एका फाइलीत लिहून ठेवायचं, आणि ऑफिसात बसून एक आज्ञा सोडायची. मग चाळीस ठिकाणी एकाच वेळी तेच सॉफ्टवेअर, तीच सेटिंग. कोणी मध्येच काही बदललं तर पंधरा मिनिटांत आपोआप पुन्हा फाइलीप्रमाणे. मी उत्साहानं समजावून दिलं. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, हे जमलं तर फिरतीचा माणूस लागणार नाही. काकांची जागा पुढच्या वर्षी ठेवायची गरज नाही. तेवढं अहवालात स्पष्ट लिही.

दार बंद होतं, पण आमच्या ऑफिसातल्या भिंती प्लायवूडच्या आहेत आणि काका पलीकडेच उभे होते. मी बाहेर आले तर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, तर्री पोहे खायला येतेस का. गेलो. खाल्ले. तर्री फार तिखट होती आणि डोळ्यांत पाणी यायला ते कारण पुरलं.

आता हे समजायला हवं की काकांना घरी बसणं म्हणजे काय होतं. एकदा त्यांनी पाय मुरगळला म्हणून दोन दिवस सुट्टी घेतली, तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी अकरा ग्राहकांना फोन करून तुमच्याकडे लाइट आहे ना, एवढंच विचारलं होतं. मी त्यांना पाहायला गेले तेव्हा काकूंनी मला स्वयंपाकघरात ओढलं.

"बाई, तुमच्या सरले सांग, यायले घरी बसवू नका म्हनावं," काकू म्हणाल्या. "मले संसार एकच हाये, आन् यायले चाळीस."

मी हसले होते. अहवालाचं काम अंगावर आलं तेव्हा ते हसू आठवून मला माझीच लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून मी थांबले असंही नाही. मी सव्वीस वर्षांची होते आणि मला बरोबर असण्याची घाई झाली होती.

सुरुवातीला तीन ग्राहकांवर प्रयोग करायचा ठरला. त्यातली एक अकोल्याची डाळ मिल. एका सकाळी अकराला मी आज्ञा सोडली. स्क्रीनवर हिरव्या ओळी सरसर उतरल्या, सगळं यशस्वी झालं असं खाली आलं आणि मी आमच्या ऑफिसातल्या सगळ्यांना चहा सांगितला. चहा यायच्या आधी मिलमधून फोन आला. वजनकाटा नोंद घेत नव्हता. तुरीनं भरलेल्या गाड्या फाटकात अडकल्या होत्या आणि मागची रांग रस्त्यावर गेली होती.

कारण कळायला मला तासभर लागला. माझ्या फाइलीत एक निरुपद्रवी ओळ होती की सर्व्हरचं घड्याळ बरोबर असावं. त्या मिलच्या सर्व्हरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे होतं, ते माझ्या आज्ञेनं मागे आलं. आणि शेवटच्या नोंदीच्या आधीची वेळ दिसली की काट्याचं सॉफ्टवेअर पुढची नोंद घ्यायला नकार देत असे. तिकडे ऑपरेटर बिचारा घड्याळ पुन्हा पुढे करायचा, दोनतीन गाड्या सोडायचा, की पंधरा मिनिटं भरताच माझी व्यवस्था इमानदारीनं येऊन ते मागे न्यायची. दोघेही आपापलं काम चोख करत होते. हे चार वेळा झालं. शेवटी काका माझ्यामागे येऊन उभे राहिले, स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाले की आधी तुझं ते थांबव. मी थांबवलं. मग म्हणाले, चल अकोल्याला जाऊ, शिव्या फोनवर खाल्ल्या तर पचत नाहीत.

मिलच्या ऑफिसात भिंतीवर एक मोठं घड्याळ होतं आणि ते दहा मिनिटं पुढे होतं. शेठच्या वडिलांनी ते कधीकाळी पुढे केलं होतं, कामगार वेळेवर यावेत म्हणून. कामगारांना हे पहिल्याच आठवड्यात समजलं आणि ते त्या घड्याळाप्रमाणे दहा मिनिटं उशिरा येऊ लागले, त्यामुळे तेव्हापासून सगळे अगदी वेळेवर येत होते. भोंगा त्याच घड्याळावर, हजेरीचं मशीन त्याच्यावर, जेवणाची सुट्टी त्याच्यावर. सर्व्हर बसवताना काकांनी तोही त्याच्यावर लावला होता. वहीत लाल शाईनं लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं.

शेठ मला ओळखत होते, पण माझ्याशी कधी बोलत नसत. इतक्या वर्षांत मी त्या मिलमध्ये आठ-दहा वेळा गेले असेन. मी काही सांगितलं तरी ते उत्तर काकांकडे पाहून द्यायचे. त्या दिवशीही त्यांनी काकांनाच विचारलं की हे कोणी केलं.

"आमी केलं," काका म्हणाले.

त्यातला "आमी" त्यांनी असा म्हटला की माझ्याकडे बघायचं शेठना सुचलंच नाही. पुढचा अर्धा तास काकांनी माझ्या वाट्याच्या सगळ्या शिव्या उभ्यानं ऐकून घेतल्या, मध्ये मध्ये मान हलवली, आणि शेवटी चहा आला तेव्हा ऑपरेटरला त्याच्या मुलीच्या दहावीच्या निकालाबद्दल विचारलं.

परतीच्या एसटीत मी त्यांना म्हटलं की झालं, संपलं. मी अहवालात लिहिते की हातानं बसवणंच बरोबर. खरं सांगते, मला त्यात आनंद झाला होता. माझी फजिती झाली होती, पण काकांची जागा वाचली होती, आणि ती वाचवायला मला वाईटही वाटून घ्यावं लागत नव्हतं. मूर्तिजापूर येईपर्यंत त्यांचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं झोपले.

"औजार चांगलं हाये तुहं," मग ते डोळे मिटूनच म्हणाले. "त्याच्या फाइलीत एक ओळ कमी होती. ते ओळ माह्या वहीत हाये. आन् माहं अक्षर माह्या बायकोलेही वाचता येत नाही. मी गेल्यावर कोन वाचन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चारही वह्या घेऊन माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, लिही.

पुढचे अडीच महिने मी टाइप करत होते आणि ते सांगत होते. सगळ्यांना लागू असेल ते एका फाइलीत, ज्याचं त्याचं वेगळं असेल ते त्याच्या त्याच्या फाइलीत, आणि प्रत्येक वेगळेपणाच्या वर त्याचं कारण. मोर्शीच्या युनिटचा बॅकअप रात्री नाही, दुपारी दोनला, कारण संध्याकाळी तिथला व्यवस्थापक आगीच्या भीतीनं मेन स्विच पाडून घरी जातो. एका शाळेत प्रिंटर मुख्याध्यापकांच्या खोलीत जोडायचा नाही, कारण तिथं कोणी कागद घ्यायला जायला धजत नाही. एके ठिकाणी पासवर्ड बदलायची सक्ती करायची नाही, कारण तिथल्या बाई तो बदलला की पडद्यावरच चिकटवतात. मी यातल्या निम्म्या गोष्टींना हसले आणि सगळ्या लिहिल्या. हे सगळं लिहून झालं की आपण उरणार नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. तरी एखादी ओळ मी घाईत गाळली तर ते मला मागे नेऊन ती लिहायला लावायचे.

शेवटच्या आठवड्यात मी एक लबाडी केली.

बार्शीटाकळीला रक्त तपासायची एक छोटी लॅब आमची ग्राहक आहे. तिथलं तपासणीचं मशीन जुनं, लाइट जाऊन आली की ते नमुन्यांचे आकडे पुन्हा एकपासून मोजायला लागतं. सर्व्हरनं त्याचं ऐकलं तर आजचं रक्त कालच्या माणसाच्या नावावर चढेल. म्हणून काकांनी तिथं अशी तजवीज केली होती की लाइट आल्यावर तिथल्या ताईंनी नमुने जुळवून एक कळ दाबेपर्यंत सर्व्हर एकही आकडा घेणार नाही. हे त्यांनी मला सविस्तर सांगितलं. मी टाइप केल्याचा आवाज केला आणि लिहिलं नाही. अहवालात मात्र लिहिलं की बार्शीटाकळीसारख्या किचकट ठिकाणी ही पद्धत चालणार नाही, तिथं अनुभवी माणूसच लागेल, आणि असा माणूस कंपनीनं कायम ठेवावा. मला हे वाक्य फार सुबक जमलं असं वाटत होतं.

काकांनी फाइली मोजल्या. चाळीस ग्राहक, एकोणचाळीस फाइली. मग त्यांनी माझ्याकडून अहवाल मागून घेतला आणि सावकाश वाचला. त्यांना रागावलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. काका रागावले की आवाज चढत नाही, वऱ्हाडी माणसाला न शोभेल इतका बारीक होतो, हे मला त्या दिवशी कळलं.

"हे काहून केलं?"

मी म्हटलं, "तुमच्यासाठी."

"माह्यासाठी? मी उद्या सायकलवरून पडून गचकलो, तर त्या लोकायच्या रक्ताचं काय? कोनाच्या तरी मायचा रिपोर्ट तू माह्या नोकरीसाठी अडवून ठेवून राहिली. मले असं ठेवू नको, बाई."

मी खुर्चीवर होते आणि ते माझ्यासमोर उभे होते आणि मला वाटलं, जमीन दुभंगली तर खालच्या औषधाच्या दुकानात तरी पडेन. त्यांनी अहवालातलं ते वाक्य पेनानं खोडलं. मग वही उघडली, बार्शीटाकळीचं पान काढलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सांगायला लागले. या वेळी ते माझ्या बोटांकडे पाहत होते.

अहवाल गेला. मी लिहिलं की तिसरी पद्धत घ्यावी, फिरतीच्या माणसाची गरज उरणार नाही. खाली माझी सही आहे. ती करताना मला जे वाटलं ते मी कोणाला सांगितलेलं नाही आणि इथंही सांगणार नाही.

निरोप समारंभ मात्र बघण्यासारखा झाला. सरांनी काकांना आधारस्तंभ म्हटलं, तेव्हा काकांनी शेजारच्या माणसाला विचारलं की स्तंभ काढल्यावर छत कोण धरणार आहे. ते सगळ्यांना ऐकू गेलं. शाल अंगावर पडताच त्यांनी ती घडी करून थैलीत टाकली. मग दह्यातले तीन गिला वडे खाल्ले, चौथा काकूंसाठी डब्यात भरून घेतला आणि भाषण करायची वेळ आली तेव्हा फक्त एवढंच म्हणाले की बार्शीटाकळीला बॅटरी जुनी झाली आहे, ती बदला.

त्यानंतर चार महिने मी त्यांना फोन केला नाही. काय बोलणार होते? पद्धत उत्तम चालली होती. चाळीसचे सत्तेचाळीस ग्राहक झाले. एक सर्व्हर उभा करायला काकांना दोन दिवस लागायचे, मला जेमतेम अर्धा तास लागायचा, आणि उरलेला वेळ मी खिडकीतून राजापेठेचा उड्डाणपूल पाहत काढायचे.

मग अकोल्याच्या त्या शेठचा सरांना फोन आला. त्यांनी एमआयडीसीत दुसरी मिल घेतली होती, तिथं सगळं नव्यानं बसवायचं होतं, आणि त्यासाठी काकाच हवे होते. दुसरं कोणी चालणार नाही, पाठवायचे तर काकांना पाठवा. सरही एका पायावर तयार झाले. मी तर अशी हरखले की तिथूनच काकांना फोन लावला.

पहिल्या रिंगला उचलला. मी सांगितलं तसे ते लगेच विचारायला लागले. जागा केवढी आहे, विजेची लाइन कुठल्या फीडरवरची आहे, काटा फाटकाच्या आत आहे की बाहेर, काट्यावर कोण बसणार, जुना ऑपरेटर तिकडे नेणार आहेत का. दहा मिनिटं ते विचारत होते आणि मला माहीत नसलेल्या गोष्टी लिहून घ्यायला सांगत होते. आवाज इतका ताजा होता की मी मनातल्या मनात दोघांची एसटीची तिकिटं काढली. मग मी म्हटलं, सोमवारी सकाळी सातची गाडी पकडू.

"मी नाही येत," काका म्हणाले.

मला वाटलं, अजून राग आहे. मी माफी मागायला लागले, तर त्यांनी मध्येच तोडलं.

"राग कायचा? आयक. मी आलो ना, तर तो शेठ तुह्यासंग कवाच बोलनार नाही. जलमभर माह्याकडेच पाहीन. आन् मी काही जलमभर पुरत नाही. तू एकटी जाय."

मागून काकूंचा आवाज आला, कोणाचा फोन आहे म्हणून. काही नाही, राँग नंबर, असं त्यांना सांगून काकांनी फोन ठेवला. मी ऑफिसात सगळ्यांच्या देखत रडले आणि मग सरांना सांगितलं की मी जाते.

सोमवारी मी नव्या मिलच्या फाटकात उतरले. शेठ बाहेरच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं. मग रिक्षातून आणखी कोणी उतरतंय का तेही पाहिलं. रिक्षा वळून निघून गेली. ते अजून रस्त्याकडेच पाहत होते.

"मॅडम," शेवटी ते म्हणाले, "सर्व्हर कुठं ठेवाचा?"